वैयाकरणाच्या घरची खरेदी

पतंजलीच्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, शब्द नित्य आहे की कोणी निर्माण केलेला आहे या वादाच्या ओघात, एक लहानसा दृष्टान्त येऊन जातो. ज्याला घटाचे काम पडते तो कुंभाराच्या घरी जातो आणि आपल्यासाठी घट घडवून मागतो. परंतु ज्याला शब्दांचे काम पडते तो वैयाकरणाच्या दारी जाऊन आपल्यासाठी चार शब्द घडवून द्या अशी मागणी करीत नाही, तो मनात अर्थ आणतो आणि सरळ बोलू लागतो. भाष्यकाराला सांगायचे एवढेच आहे की शब्द हे वैयाकरणाच्या आधीपासूनच लोकव्यवहारात सिद्ध असतात. व्याकरण त्यांचे नियम सांगते, त्यांना जन्म देत नाही. मराठी, कानडी, कोंकणी अशा ज्या भाषा माणूस आईच्या मांडीवर शिकतो त्यांच्यापुरता हा दृष्टान्त आजही अबाधित आहे. परंतु यंत्राशी बोलण्यासाठी माणसाने ज्या भाषा मुद्दाम रचल्या त्यांच्या राज्यात, भाष्यकाराने असंभव म्हणून सांगितलेली गोष्ट नित्याची झाली आहे. तेथे वैयाकरणाचे घर आहे, घराला दुकान आहे, दुकानात शब्द घडवून मिळतात, आणि त्यांच्या विक्रीचा करारनामा इतक्या बारकाईने लिहिलेला असतो की इनामाच्या सनदा लिहिण्यात हयात घालविलेल्या पेशवे दफ्तरातील कारकुनानेही तो कौतुकाने वाचावा.

या शब्दभांडाराला त्या व्यवसायातील लोक स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. प्रोग्रामिंगची भाषा स्वतः पुष्कळदा फार कृश असते. ‘सी’ या प्रसिद्ध भाषेच्या मूळ व्याकरणात पडद्यावर एक अक्षर उमटविण्याचीही तरतूद नाही. अक्षरे छापणे, फाइल उघडणे, वर्गमूळ काढणे, यादी क्रमाने लावणे, घड्याळ पाहणे ही सारी कामे व्याकरणाबाहेर लिहिलेल्या, पण व्याकरणाच्या सोबतीनेच दिल्या जाणाऱ्या तयार फंक्शनांकडे सोपविलेली असतात. पाणिनीने आपल्या सुमारे ४००० सूत्रांच्या जोडीला सुमारे २००० धातूंचा पाठ दिला, आणि त्या पाठावाचून सूत्रे जशी अधांतरी राहिली असती, तशीच या लायब्ररीवाचून ती भाषा राहते. १९८९ साली अमेरिकेत ‘सी’चे मानक मुक्रर झाले, तेव्हा या लायब्ररीच्या १५ हेडर-फाइली ठरविण्यात आल्या. प्रत्येक फंक्शनचे नाव काय, त्याला काय पुरवावयाचे आणि त्याने काय परत द्यावयाचे, हे मानकाने लिहून दिले. ते काम आतून साधावयाचे कसे, हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपविले. नाव सर्वांचे झाले आणि कृती ज्याची त्याची राहिली. या दोहोंच्या मधल्या जागेत एका जुन्या धर्मप्रश्नाने नव्याने बिऱ्हाड केले आहे: सर्वांनी बोलावयाचे शब्द विकावे काय, आणि विकले तर विकणाऱ्याचा हक्क कोठवर चालावा?

ज्या गृहस्थाच्या चरित्रात हा प्रश्न पूर्णपणे मूर्त झाला आहे त्याचे नाव पी. जे. प्लॉगर. शिक्षणाने हा पदार्थविज्ञानाचा मनुष्य. बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना त्याने ब्रायन कर्निघन यांच्यासह प्रोग्राम कसे लिहावेत यावर दोन ग्रंथ लिहिले, ज्यांपैकी पहिला १९७४ साली निघाला आणि लेखनशैलीवरील इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या धर्तीवर प्रोग्रामच्या शैलीचे विवेचन करीत होता. मधल्या काळात त्याने वैज्ञानिक कल्पितकथाही लिहिल्या, आणि १९७५ साली त्या क्षेत्रातील उत्तम नवोदित लेखक म्हणून त्याला जॉन कॅम्पबेल यांच्या नावाचे पारितोषिकही मिळाले. ज्याला गोष्ट रचता येते त्यालाच नावे नीट ठेवता येतात असे मला नेहमी वाटत आले आहे, म्हणून हा तपशील मी मुद्दाम नोंदवितो. १९७८ साली त्याने व्हाइटस्मिथ्स नावाची कंपनी काढून ‘सी’चा कंपाइलर, म्हणजे प्रोग्राम यंत्रभाषेत उतरविणारे साधन, विकावयास आणला. पुढे भाषेचे मानक ठरविणाऱ्या अमेरिकन समितीचे चिटणीसपद त्याच्याकडे होते. मानक निघाल्यानंतर १९९२ साली त्याने त्या लायब्ररीचे संपूर्ण सोर्स कोड टीकेसहित छापलेला एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कोड सर्वांपुढे उघडे ठेवले, हक्क मात्र स्वतःकडे राखले. त्यानंतर डिंकमवेअर या छोट्या कंपनीच्या द्वारे तो ‘सी’ व ‘सी प्लस प्लस’ या भाषांच्या स्टँडर्ड लायब्रऱ्या कंपाइलर बनविणाऱ्यांना परवान्याने देऊ लागला. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनेही आपल्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’मध्ये ‘सी प्लस प्लस’ची लायब्ररी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याच घरून घेतली.

म्हणजे ज्याने स्मृती लिहिण्याच्या कामी लेखणी धरली, त्यानेच पुढे त्या स्मृतीत सांगितलेली उपकरणे विकण्याचे दुकान थाटले. वरवर पाहता यात काही गैर असल्याचा संशय यावा. परंतु मला तो टिकत नाही असे वाटते. मानकातील नावे आणि त्यांचे अर्थ जाणून घेऊन तीच लायब्ररी आपल्या हाताने घडविण्यास कोणालाही मज्जाव नव्हता, आणि तशी ती इतरांनी घडविलीही. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाने तर विनामूल्य दिली. (खुद्द मानकाचा दस्तऐवज आंतरराष्ट्रीय मानकसंस्था आजही किंमत घेऊनच देते, हे एक मौजेचे उपकथानक आहे. धर्मग्रंथ विकत आणि यज्ञपात्रे फुकट, अशी स्थिती स्मृतिकारांच्या कल्पनेतही आली नसावी.) मग प्लॉगर विकत काय होता? तो श्रम विकत होता, आणि श्रमांतही विशेषेकरून ते श्रम जे दिसत नाहीत. कोनाची ज्या (साइन) काढून देणारे फंक्शन लिहिणे हे शाळकरी मुलालाही साधेल असे काम भासते. पण कोनाचा आकडा अतिप्रचंड असला तर त्यातून पूर्ण वर्तुळे वजा करून उरलेला अंश अचूक सांगण्यासाठी पायची किंमत हजाराहून अधिक द्विमान स्थानांपर्यंत हाताशी ठेवावी लागते, आणि ती तशी न ठेवणाऱ्या लायब्ररीचे उत्तर अशा ठिकाणी केवळ यदृच्छेने आलेला आकडा असते. अशा शेकडो कोपऱ्यांत दिवा नेऊन पाहणे, प्रत्येक कोपऱ्यासाठी चाचणी लिहून ठेवणे, आणि उद्या दोष निघाला तर त्याची जबाबदारी घेण्यासाठी दारावर आपल्या नावाची पाटी ठेवणे, याची ती किंमत होती.

तरीही आपल्या परंपरेत वाढलेल्या मनाला एक काटा टोचतच राहतो, कारण विद्याविक्रयाविषयी ही परंपरा फार कठोर बोलली आहे. वेतन ठरवून शिकविणाऱ्याला, आणि वेतन देऊन शिकणाऱ्यालाही, मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीतून उठविले आहे. ज्याची विद्या केवळ पोटासाठी असते त्याला लोक ज्ञानाचा वाणी समजतात, असे कालिदासाने मालविकाग्निमित्रात नाट्याचार्यांच्या कलहाच्या प्रसंगी वदविले आहे; ते आचार्य स्वतः राजाच्या पदरी होते हे कालिदासाच्या ध्यानात असणारच, आणि तो त्याचा मिस्किलपणा असावा. तुकोबांनी तर जेथे कीर्तन करावे तेथे अन्नसुद्धा घेऊ नये असा दंडक घालून दिला. या निषेधांच्या मुळाशी केवळ धनाचा तिटकारा आहे असे मानणे उथळपणाचे होईल. त्यामागची भीती अशी दिसते की, ज्या क्षणी देण्याचा सौदा ठरतो त्या क्षणी न देण्याचा हक्कही जन्मास येतो. आणि जे ज्ञान देऊन कमी होत नाही ते अडवून ठेवण्याचा हक्क माणसाच्या हाती जाणे, ही गोष्ट धान्य अडवून ठेवण्याहूनही वाईट, कारण धान्य अडविणारा निदान स्वतः तरी ते खाऊ शकतो.

ही भीती खरी आहे. परंतु तिचा दाखला देणाऱ्याने स्मृतींचे दुसरे पानही उलटून पाहिले पाहिजे. ज्या व्यवस्थेने विद्येला मोल लावू दिले नाही तिनेच विद्येला अधिकाराचे कुलूप घातले, आणि ते कुलूप सोन्याने उघडत नव्हते, पुण्याने उघडत नव्हते, बुद्धीने तर नव्हतेच. ते केवळ जन्माने उघडत होते. शूद्राला आणि स्त्रीला वेद विनामूल्य मिळत होते असे कोणी म्हणणार नाही. ते कोणत्याही मोलाने मिळत नव्हते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या त्यांनी किंमत मागितली म्हणून नव्हे, बोलण्याचा अधिकार विचारला गेला म्हणून. फुकट आणि मोकळे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि डिंकमवेअरच्या दाराशी उभ्या राहणाऱ्याला पैसे विचारले जात असले तरी गोत्र विचारले जात नव्हते, एवढी कबुली त्या वाणिज्याला दिलीच पाहिजे. किंमत हे कुलूप खरेच. पण त्याची किल्ली निदान बाजारात मिळते.

तेव्हा स्मृतींनी घातलेला विक्रयनिषेध आपल्या प्रश्नाला पुरेसा पडत नाही. मला त्याहून अधिक उपयोगी पडते ती मीमांसकांची एक कल्पना. यज्ञात मंत्र ऋत्विज म्हणतात, आहुती ऋत्विज टाकतात, सोमरस ऋत्विज गाळतात; स्वर्ग मात्र यजमानाला मिळतो. हे न्याय्य कसे? मीमांसक सांगतात की दक्षिणा हे दान नव्हे, तो परिक्रय आहे: ऋत्विजाचे श्रम यजमानाने तिच्याद्वारे रीतसर विकत घेतलेले असतात, आणि म्हणून कर्म ज्याच्या हातून घडले त्याचा त्याच्या फळावर काडीचाही हक्क उरत नाही. धर्मशास्त्राच्या एका अंगाने ज्या व्यवहाराकडे नाक मुरडले, त्याच व्यवहाराला दुसऱ्या अंगाने यज्ञाच्या ऐन मध्यभागी बसविले, आणि बसविताना त्याची मर्यादाही आखून दिली. श्रम विकता येतात; विकल्यावर फळाकडे पाहावयाचे नाही. दक्षिणा घेऊन झाल्यावर, यजमानाच्या स्वर्गातील एखादी खोली आपल्याकरिता राखून ठेवावी असे म्हणणाऱ्या ऋत्विजाला कोणत्याही शास्त्रात आधार नाही.

ही कसोटी हाती धरून परवान्यांच्या जगात शिरले की एक गोष्ट तत्काळ लक्षात येते. स्टँडर्ड लायब्ररी ही इतर हत्यारांसारखी काम झाल्यावर बाजूला ठेवता येत नाही. प्रोग्राम यंत्रभाषेत उतरतो तेव्हा त्या लायब्ररीतील फंक्शनांचे तुकडे त्यात मिसळून जातात, आणि तो प्रोग्राम ज्या ज्या घरी जातो तेथे तेही जातात. व्यापारी हिशेबाच्या माणसाला यात संधी दिसावी हे स्वाभाविकच आहे. कंपाइलरचा व्यापार बाल्यावस्थेत होता त्या काळी काही विक्रेत्यांनी अशी कलमे घातली की ग्राहकाने आपला प्रोग्राम विकला तर त्यात उतरलेल्या आमच्या लायब्ररीबद्दल त्याने पुन्हा रॉयल्टी द्यावी. हे माझ्या मते ऋत्विजाने स्वर्गात खोली मागणे होय. आपल्या गावगाड्यातील बलुत्याची पद्धत याच्या समर्थनार्थ कोणी पुढे करील, कारण तेथेही कुंभाराला मडक्यागणिक दाम मिळत नसे, शेतकऱ्याच्या पिकातून वाटा मिळे. परंतु त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ ज्यांनी वाचला आहे त्यांना आठवेल की बलुत्याला वतनाची जोड असे: पिढीजाद कुंभार हाच गावाचा कुंभार, दुसऱ्याने तेथे चाक मांडावयाचे नाही. रॉयल्टी टिकते तीही अशाच मक्तेदारीच्या आधाराने. दुसरा कुंभार जवळ उपलब्ध झाला की पिकातला वाटा मागणाऱ्याला मडक्याच्या किमतीवर यावे लागते, आणि कंपाइलरच्या बाजारात चुरस वाढली तेव्हा नेमके तसेच घडले. रॉयल्टीमुक्त हा शब्द जाहिरातीत मोठ्या टाइपाने छापण्याजोगा झाला.

येथवर प्रकरण सोपे होते. अवघड भाग पुढेच आहे, कारण फळावर हक्क सांगणारा नेहमी धनलोभीच असतो असे नाही. रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने जो जीपीएल नावाचा परवाना रचला, तो पैसा मागत नाही. तो एवढेच म्हणतो की आमचे कोड मिसळून तुम्ही जे निर्माण कराल आणि इतरांस द्याल तेही याच मोकळीकीने द्या. हाही फळावरचाच दावा आहे. फक्त दावेदार ऋत्विज नसून सारी पंचक्रोशी आहे. सामान्य लायब्ररीच्या बाबतीत या दाव्यात मला एक नैतिक तेज दिसते. पण भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीला तो लावला तर त्याचा अर्थ असा होतो की, अमुक भाषेत जो तोंड उघडील त्याचे सर्व बोलणे सार्वजनिक झाले. हे खुद्द स्टॉलमन यांनाही मानवले नाही. आपल्याच ग्नू प्रकल्पाच्या ‘सी’ लायब्ररीसाठी त्यांनी सौम्य परवाना पसंत केला, आणि त्याचे कारणही व्यवहारी दिले: ‘सी’च्या लायब्रऱ्या इतरत्र मिळतातच, तेव्हा कठोर अट घालून आपल्या पक्षाचा काही लाभ होणार नाही. जीसीसी या कंपाइलरच्या लायब्रऱ्यांना तर २००९ साली एक स्वतंत्र अपवादपत्र जोडण्यात आले, ज्याचा मथितार्थ असा की कंपाइलरने आपण होऊन आमच्या लायब्ररीचे जे तुकडे तुमच्या प्रोग्राममध्ये घातले त्यांच्यापायी तुमच्या प्रोग्रामवर आमची अट लागू होणार नाही. धर्मसुधारकाने स्वतःच्या स्मृतीला स्वतःच अपवाद लिहावा, यात मला दुबळेपणा दिसत नाही; नियम कोणत्या वस्तूला लावावयाचा आणि कोणत्या वस्तूला नाही, हे ओळखण्याचा विवेक दिसतो.

याच अपवादाचा व्यापार कसा होऊ शकतो, याचे एक चमत्कारिक उदाहरण एडा या भाषेने पुरविले. ही भाषा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने करवून घेतलेली. विमाने, रेल्वे, उपग्रह अशा, चूक झाली तर माणसे मरतील अशा ठिकाणी ती वापरली जाते. तिचा ग्नॅट नावाचा कंपाइलर न्यूयॉर्क विद्यापीठात जन्मला आणि १९९४ पासून एडाकोअर ही कंपनी त्याचा व्यवसाय करू लागली. २००५ पासून या कंपनीने दोन दारे ठेवली. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला लायब्ररी अपवादासह मिळे, म्हणजे त्याचा प्रोग्राम त्याचाच राही. फुकट घेणाऱ्याला तीच लायब्ररी अपवादाविना, शुद्ध जीपीएलखाली मिळे, म्हणजे त्याने आपला प्रोग्राम वाटला की तो जीपीएलच्याच अटींवर वाटला पाहिजे. कंपनीने काही लपविले नाही, आणि त्या पैशातून कंपाइलरचे अव्वल दर्जाचे काम झाले, हे तिच्या पदरात टाकलेच पाहिजे. तथापि या योजनेत मोकळेपणाला दंडाचे रूप आले: जे चळवळीच्या दृष्टीने पुण्य, ते येथे गरिबाला भरावा लागणारा जुर्माना ठरले आणि श्रीमंताने त्यातून सूट विकत घेतली. युरोपात कोणे एके काळी धर्मपीठाकडून पापमुक्तीची पत्रे विकत मिळत; येथे पुण्यमुक्तीची मिळू लागली. २०२२ साली कंपनीने ती फुकटची आवृत्ती बंद केली आणि लोकांना अपवादासहित असलेल्या मोकळ्या कंपाइलरकडे वळविले. ते योग्य झाले.

आता नावांविषयी. मी वर म्हटले की नाव सर्वांचे आणि कृती ज्याची त्याची. पण हा भेद मी जितक्या सहजतेने उच्चारला तितका तो सहज नाही, आणि त्याच्या निवाड्यासाठी अमेरिकेतील न्यायालयांना ११ वर्षे लागली. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जावा भाषेची स्टँडर्ड लायब्ररी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. गूगलने अँड्रॉइड रचताना तिच्या ३७ विभागांतील नावे व घोषणा जशाच्या तशा घेतल्या आणि आतील कृती स्वतः लिहिली. २०१० साली सन ही कंपनी ऑरॅकलने विकत घेतली आणि त्याच वर्षी फिर्याद गुदरली. न्यायाधीश विल्यम अल्सप, जे स्वतः छंद म्हणून प्रोग्राम लिहीत असत, त्यांनी २०१२ साली असल्या नावांवर स्वामित्वहक्क चालत नाही असा निकाल दिला; वरिष्ठ न्यायालयाने २०१४ साली तो फिरविला; आणि अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी, हक्क आहे की नाही हा मूळ प्रश्न बाजूस ठेवून, गूगलने केलेला वापर हा रास्त वापर होता असे ठरविले. एकूण २८.६ लाख ओळींपैकी सुमारे ११,५०० ओळींचा हा वाद. पण त्या ओळींत नावे होती, आणि नावे ही लहान गोष्ट नव्हे.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध कोणी केलेला नाही, तो औत्पत्तिक आहे, असे मीमांसक म्हणतात. यंत्राच्या भाषांपुढे हे मत उघडच हरते, कारण तेथे प्रत्येक नाव कोणी, कोणत्या बैठकीत, कोणत्या वर्षी ठेवले हे सांगता येते. तेथे नैयायिकांचा संकेतवादच लागू पडतो. विश्वनाथ पंचाननाच्या मुक्तावलीत आधुनिक संकेताची चर्चा आहे: पिता जन्मानंतर ठराविक दिवशी मुलाचे नाव ठेवतो, तर त्या नावात खरी शक्ती असते की नाही? त्या चर्चेचा निकाल काहीही असो. तीत कोणत्याही पक्षाने असे सुचविलेले नाही की शेजाऱ्याने मुलाला हाक मारली की पित्याला काही देणे लागते. परंतु प्रतिपक्षाची बाजूही हलकी नाही. चांगली नावे ठेवणे आणि त्यांची परस्परांशी संगती लावणे हेच लायब्ररीच्या रचनेतील कठीण काम असते, आतले कोड पुष्कळदा त्यापुढे हमाली ठरते. मग श्रमाला मोल द्यावे असे म्हणणाऱ्याने या श्रेष्ठ श्रमालाच मोल का नाकारावे? त्या खटल्यातील न्यायमूर्ती थॉमस यांच्या भिन्नमतपत्रिकेतील हा आशय मला दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

तरीही मी बहुमताच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण न्यायमूर्ती ब्रेयर यांच्या निकालपत्रात जे आले आहे त्याला आपल्याकडे वृद्धव्यवहार म्हणतात. मूल शब्दाचा अर्थ शिकते ते मोठ्यांच्या बोलण्यातून आणि वागण्यातून. संकेत एकाने केला तरी त्याला बळ येते ते अनेकांनी तो शिकून वापरल्यामुळे. जावातील त्या नावांची किंमत वाढली ती लक्षावधी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपल्या आयुष्यातील तास खर्चून ती नावे पाठ केली म्हणून. ते तास ऑरॅकलने विकत घेतलेले नव्हते. नाव ठेवणाऱ्याला त्याच्या श्रमाचा परिक्रय मिळावा, आणि सनच्या नोकरीत ज्यांनी ती नावे ठेवली त्यांना तो पगाराच्या रूपाने मिळालाही होता. पण शिकणाऱ्यांनी ओतलेल्या आयुष्यावर नाव ठेवणाऱ्याची मालकी कोणत्या दस्ताने लागते, हे त्या खटल्यात मला शेवटपर्यंत दिसले नाही.

एक प्रश्न उरतो तो पोटाचा. मोकळ्या लायब्रऱ्यांचे भरते येऊन डिंकमवेअरसारख्या घरांचा धंदा आटला, हे खरे. परंतु मोकळी लायब्ररी लिहिणाराही जेवतोच. त्याला आज जेवू घालतात त्या बहुतांशी अतिशय मोठ्या कंपन्या. तळेगावी सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी पुण्यात चालविलेली श्रावणमासातील दक्षिणा हा याचाच पूर्वज: विद्वानाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, धनी शोधावा लागतो. त्या दक्षिणेने शास्त्रांचे रक्षण केले, आणि धन्याच्या आवडीबाहेरची शास्त्रे तिने पोसली नाहीत; इंग्रजी अमलात तिचा काही भाग मराठी ग्रंथांकडे वळला तोही धनी बदलला म्हणूनच. विक्रीत लाचारी गिऱ्हाइकाची असते, आश्रयात धन्याची. यांतील अधिक प्रतिष्ठित कोणती हे ठरविणे मला तरी कठीण वाटते. प्लॉगरने निदान आपली किंमत स्वतः सांगितली.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१९ मध्ये आपली ‘सी प्लस प्लस’ लायब्ररी, जिच्यात प्लॉगरच्या घरच्या कोडचा पाया होता, अपाचे परवान्याखाली सर्वांस खुली केली, आणि हक्कदाराच्या संमतीवाचून हे घडणे शक्य नव्हते. त्या परवान्याला एलएलव्हीएमचा म्हणून ओळखला जाणारा अपवाद जोडलेला आहे. त्यामुळे लायब्ररीचे जे तुकडे कंपाइल होताना तुमच्या प्रोग्राममध्ये उतरतात त्यांच्यासाठी परवान्याची प्रत किंवा श्रेयपत्रही सोबत पाठविण्याची गरज राहत नाही. पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशी बसून या भाषांवर पोट भरणारे जे मराठी वाचक आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, एखाद्या विक्रेत्याच्या लायब्ररीचा करारनामा पुढे आला तर किमतीच्या आकड्याआधी एक कलम वाचावे: आपण पुढे विकलेल्या वा वाटलेल्या प्रोग्रामवर त्याचा काही हक्क राहतो काय. राहत असेल तर दुसरा विक्रेता पाहावा. राहत नसेल, आणि माल चोख असेल, तर किमतीत फार घासाघीस करू नये. आणि लायब्ररी फुकट मिळाली असेल तर ती सांभाळणाऱ्यांच्या खात्यावर आपल्या कंपनीकडून वर्षाकाठी काही रक्कम जाईल अशी व्यवस्था करून घ्यावी.